पंधरातून सहा गेले, दोन आले

भांडण दोन गुणांचं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्यात अख्खी इमारत आली, शाळा आली, एक भाजीवाली आली, आणि ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की बाबा, काहीतरी फार मोठं घडलंय. मोठं काही नव्हतं. सातवीच्या चाचणीतला एक प्रश्न होता. ज्या माणसाने तो शेवटपर्यंत लढवला, त्यानेच पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने तो घालवला होता, एवढीच काय ती गंमत.

हा माणूस म्हणजे मापसाहेब. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाट्या वाचतो कोण? वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, वजन हलकं निघालं तर जप्त करून पावती द्यायची. एकवीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन तरी वेगळा कसा वागणार? साखरेचा चमचा सपाट भरलाय की शिगोशीग, हे ते जाता जाता बघत, आणि बघितल्यावर गप्प बसत नसत. बायको एका दवाखान्यात औषधं द्यायचं काम करायची. ती त्यांना 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'च्या दहा तऱ्हा होत्या आणि त्यातल्या नऊ मापसाहेबांना आवडत नसत.

तर सोमवारी संध्याकाळी त्यांच्या मुलीने, छोटीने, गणिताची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. चाळीसपैकी अडतीस. एकाच उत्तरावर लाल फुली होती. प्रश्न होता: सोपे रूप द्या, १५क्ष − ६क्ष + २क्ष. छोटीने लिहिलं होतं ११क्ष. बाईंनी ते कापून शेजारी लिहिलं होतं ७क्ष.

आता अडतीस म्हणजे काही वाईट नाही, असं तुम्ही म्हणाल. मापसाहेबही तेच म्हणाले. पण आंतरशालेय गणित स्पर्धेला शाळेतून तिघंच जाणार होते, या चाचणीच्या गुणांवर, आणि यादी शुक्रवारी चार वाजता फळ्यावर लागायची होती. पहिल्या दोघांना पैकीच्या पैकी. तिसरी तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांची नात, एकोणचाळीस. चौथी छोटी. गेल्या वर्षी ती पाचवी आली होती. तेव्हापासून वर्षभर, खाली पोरं खेळत असताना, ही खिडकीपाशी बसून कंस सोडवत होती. कुणी बस म्हटलं नव्हतं. तिला त्या यादीत जायचं होतं, बस्स.

"बाबा, बघा ना," ती म्हणाली, "माझं काय चुकलं?"

मापसाहेबांनी चष्मा लावला, दोन क्षण बघितलं आणि हसले. "अगं, कंचेभागुबेव विसरलीस."

ज्याने शाळेत मार खाल्लाय त्याला हे सांगायला नको, पण न खाल्लेल्यांसाठी सांगतो. आकडेमोडीत आधी कंस सोडवायचा, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, मग बेरीज आणि शेवटी वजाबाकी. पहिली अक्षरं जोडली की कंचेभागुबेव. मापसाहेबांच्या मास्तरांनी हा शब्द त्यांच्या डोक्यात असा बसवला होता की स्वतःच्या लग्नाची तारीख चुकेल पण हा चुकणार नाही. तारीख दोनदा चुकलीही होती.

"बे आधी, व नंतर," ते म्हणाले. "म्हणजे आधी बेरीज. सहा आणि दोन आठ. पंधरातून आठ गेले, सात. बाईंचं बरोबर आहे."

छोटीने कागदावर बोट ठेवलं. "बाबा, बसमध्ये पंधरा माणसं आहेत. सहा उतरली. दोन चढली. किती राहिली?"

"अकरा."

"मग?"

"बसचं वेगळं, गणिताचं वेगळं," मापसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना नंतर बरेच दिवस ऐकू येत राहिलं. पण तेव्हा त्यांना ते फार चोख वाटलं होतं. त्यांनी पेन काढलं, उत्तरपत्रिकेवर पालकांच्या सहीसाठी जी जागा असते तिथे सही केली, आणि सहीने भागलं असतं तरी वर शेरा मारला: 'तपासणी योग्य आहे. कंचेभागुबेव पाठ करून घेतो.' खाली तारीख. निरीक्षकाला शेरा मारल्याशिवाय सही करताच येत नाही, त्याला कोण काय करणार?

छोटी रडली नाही. वही मिटून आत गेली आणि दार लावून घेतलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मापसाहेबांना वाटलं, पण का ते कळलं नाही.

मंगळवारी ऑफिसात एका किराणा दुकानदाराचा काटा वार्षिक तपासणीला आला होता. मापसाहेबांनी एकेक किलोची पंधरा वजनं चढवली. काटा पंधरावर. सहा उतरवली. नऊ. मग एक शंका म्हणून त्यातली दोन परत चढवली. अकरा. रोजचंच काम, हजारदा केलेलं. पण आज हात थांबला. पंधरातून सहा गेले, दोन आले, आणि काटा म्हणतोय अकरा. कालच्या हिशेबाने सात यायला हवे होते. म्हणजे काटा चार किलोने खोटा.

त्यांनी दुसरा काटा मागवला. अकरा. तिसरा मागवला. शिपाई म्हणाला, "साहेब, आज काय आहे?" तिसराही अकरा. आता तीन काटे, तीन वेगळ्या कारखान्यांचे, एकमेकांना न विचारता एकच खोटं कसं बोलतील? मापसाहेब खुर्चीत बसले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच काटे पास झाले होते आणि निरीक्षक नापास झाला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी लावत होती. "अकराच की," ती म्हणाली. "मी काल ओट्यापाशी उभी होते तेव्हाच म्हणणार होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तुमचा शेरा मारून झाला होता." ती पातेलं पुसत म्हणाली, "आता तिला जाऊन सांगा. चुकलो म्हणावं. सोपं असतं ते, मी दवाखान्यात रोज ऐकते."

सोपं कसलं डोंबल. मापसाहेब छोटीच्या दाराबाहेर दोन वेळा घसा खाकरून आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि म्हणाले, "तुझं अकरा बरोबर आहे. माझं चुकलं. मी शाळेत जातो." छोटीने विचारलं, "आणि शेरा?" ते म्हणाले, "शेऱ्याचं मी बघतो." पोरीच्या तोंडावर पहिल्यांदा थोडी आशा दिसली, आणि तिथून मागे फिरायची सोय संपली.

बुधवारी सकाळी खाली उतरताना पोस्टमास्तर भेटले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती पण चिठ्ठीचपाटीची सवय गेली नव्हती. कुठली बातमी कुणाकडे जायची ते त्यांना अजूनही पाठ होतं. मापसाहेब भाबडेपणाने बोलून गेले, की उत्तर अकरा आहे आणि मी शाळेत चाललोय.

"सात," पोस्टमास्तर म्हणाले. "कंचेभागुबेव. मी स्वतः नातीला पाठ करून घेतलंय. रोज संध्याकाळी दहा वेळा."

वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यातच थांबले. त्यांनी गणिताकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमचा दावा कमजोर आहे," ते म्हणाले. "आधी मुदत मागा." शिवणकाम करणाऱ्या मावशींनी दारातूनच बोटं मोजली आणि म्हणाल्या, "अकरा येतात हो, पण बाईंनी सात म्हटलं असेल तर असेल काही. शाळेचं आपल्याला काय कळतं?" एका जिन्यात तीन सल्ले मिळाले, आणि ते मिळेपर्यंत शाळेची पहिली तासिका संपली होती.

शाळेच्या क्लार्कने पुनर्तपासणीचा अर्ज पुढे सरकवला. अर्जात कारणांचे तीन रकाने होते: एक, गुणांची बेरीज चुकली. दोन, प्रश्न तपासायचा राहिला. तीन, पुरवणी गहाळ झाली.

"माझं कारण यात नाही," मापसाहेब म्हणाले. "उत्तर बरोबर आहे आणि तपासणाराच चुकलाय."

"त्याला रकाना नाही," क्लार्क म्हणाला.

"का नाही?"

"आजवर तसं कुणी आलंच नाही."

मापसाहेबांनी चौथा रकाना पट्टी लावून आखला आणि त्यात कारण लिहिलं. आपल्या ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्यांनी अर्ज फाडून टाकला असता, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांना आत कुठेतरी फार बरं वाटलं. क्लार्कने अर्ज घेतला, उत्तरपत्रिका मागितली, उलटी केली आणि वाचू लागला. "तपासणी योग्य आहे. कंचेभागुबेव पाठ करून घेतो." त्याने मान वर केली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही सोमवारी म्हणता बाई बरोबर, आणि बुधवारी म्हणता बाई चूक."

"सोमवारचा मी चुकीचा होतो."

"मग तसं लेखी द्या. वेगळ्या कागदावर. इथे खोडाखोड चालत नाही."

शेकडो दुकानदारांकडून मापसाहेबांनी असे लेखी जबाब घेतले होते. स्वतः द्यायची वेळ पहिलीच. त्यांनी लिहिलं: 'सोबतच्या उत्तरपत्रिकेवरील शेरा चुकीचा असून शेरा मारणारा इसम चुकलेला आहे.' क्लार्कने वाचून विचारलं, "या इसमाचं विद्यार्थिनीशी नातं?" मापसाहेबांचे कान गरम झाले. पण त्यांनी लिहिलं: 'वडील.' आणि सही ठोकली, नेहमीपेक्षा मोठी.

गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत भेटल्या. सव्वीस वर्षं शिकवत होत्या. हातात खडू, कपाळावर आठी, आणि पाठमोऱ्या असतानाही वर्गात कोण बोलतंय ते ओळखणाऱ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उत्तरसूचीत सात आहे. नियमाने सात येतं. तुम्ही पण हाच नियम शिकलात ना?"

"शिकलो. म्हणूनच चुकलो."

"मग मी सव्वीस वर्षं चुकतेय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

हो म्हणणं उद्धटपणाचं आणि नाही म्हणणं खोटं. मापसाहेब म्हणाले, "उद्या मी तराजू घेऊन येतो."

आता आली का पंचाईत? खात्याचा तराजू बाहेर न्यायचा तर नोंदवहीत प्रयोजन लिहावं लागतं. वरिष्ठ म्हणाले, "लिहा की 'तपासणी', कोण बघतंय?" पण ज्या नोंदवहीत इतकी वर्षं खरंच लिहिलं तिच्यात मुलीच्या दोन गुणांसाठी खोटं लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले. तिचं एक वजन त्यांनी गेल्या वर्षी जप्त केलं होतं.

"दुपारपुरता तुमचा तराजू द्याल का?" त्यांनी विचारलं.

भाजीवालीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. असा दिवस पुन्हा उगवायचा नाही हे तिला कळलं होतं. "पावती द्या," ती म्हणाली. "तुम्ही नेता तेव्हा देता ना, तशी." मापसाहेबांनी पावती लिहून दिली. मग तिथेच बसून एकसारख्या वजनाचे बटाटे निवडायला लागले, एकेक तोलून, दोन्ही पारड्यांत फिरवून फिरवून. अठ्ठावीस बटाटे निवडायला तासभर लागला. गिऱ्हाइकांना वाटलं साहेबांनी नोकरी सोडून धंदा सुरू केला. दोघींनी त्यांना वांग्यांचा भाव पण विचारला.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाई, मुख्याध्यापिका, क्लार्क आणि छोटी जमले. मापसाहेबांनी तराजू लावला. "एक बटाटा म्हणजे एक क्ष. त्याचं वजन किती ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही." डाव्या पारड्यात पंधरा घातले. सहा काढले. दोन घातले. उजव्या पारड्यात सात ठेवले. डावं पारडं धाडकन खाली बसलं. उजवीकडे आणखी चार घातले, अकरा झाले, आणि काटा मधोमध येऊन उभा राहिला. मापसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला.

बाई पुढे झाल्या. "आता माझ्या नियमाने करा. आधी बेरीज. पंधरात दोन आधी घाला, मग सहा काढा."

डावीकडे पुन्हा पंधरा भरून दोन घातले, सतरा झाले. सहा काढले. अकरा. काटा पुन्हा मधोमध.

"बघा," बाई म्हणाल्या. "आधी बेरीज केली तरी अकराच आले. मग नियम कुठे चुकला?"

आणि मापसाहेब तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. खरंच की. आधी बेरीज, तरी अकरा. मग सात आले कुठून? रजेचा अर्धा दिवस, लेखी माफीनामा, भाजीवालीची पावती, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. एवढा खटाटोप करून आता गप्प उभं राहायचं का, या विचाराने त्यांना स्वतःचाच राग आला.

तेव्हा छोटी टेबलाजवळ आली. "बाई, नियमातली बेरीज आधी केली तरी चालते. पण कशाची करायची ते बघायचं. दोनाच्या आधी अधिक आहे, म्हणजे ते दोन आपल्याकडे येणार आहेत. सहाच्या आधी उणे आहे, म्हणजे फक्त सहा जाणार आहेत." तिने डाव्या पारड्यात पुन्हा पंधरा बटाटे केले, त्यातून सहा उचलले, मग आणखी दोन उचलले. "पेपरात सहा आणि दोन मिळवून आठ केले. म्हणजे जे दोन यायचे होते, ते पण काढून घेतले. म्हणून सात आले."

बाई पारड्याकडे बघत होत्या. घंटा झाली तेव्हा त्यांनी खडू उचलला, "उत्तरसूचीत सात आहे," एवढंच म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या. पण आवाज कालचा नव्हता.

इकडे पोस्टमास्तरांनी आपलं काम चोख केलं होतं. संध्याकाळी मापसाहेबांच्या दारात इमारतीतले सात पालक उभे. छोटी सोडून सगळ्या वर्गाने सात लिहिलं होतं, कारण बाईंनी तसंच शिकवलं होतं. उत्तर अकरा ठरलं तर प्रत्येकाचे दोन गुण जाणार.

"तुमच्या मुलीचे दोन वाढवून घ्या, आमची काही हरकत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "पण आमच्या पोरांचे का कापता?"

"मी कुठे कापतोय? उत्तरच चुकलंय."

"शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?"

"असतो. पण तो बेरजेच्या आधी करायचा की नंतर, तेवढं सांगा," मापसाहेब म्हणाले आणि दार लावलं. आतून बायको म्हणाली, "अहो." ही दहावी तऱ्हा होती, आवडणारी.

शुक्रवारी तीन वाजता मुख्याध्यापिकांनी बोलावलं. छोटीलाही. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मुख्याध्यापिकांनी गोड आवाजात तोडगा सांगितला. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरायची. अकरालाही दोन गुण, सातलाही दोन. कुणाचे कापायचे नाहीत. छोटीचे चाळीस होतील, ती स्पर्धेला जाईल. पोस्टमास्तरांची नात राखीव म्हणून सोबत जाईल, बिल्ला तिलाही मिळेल. सगळे खूश. फक्त मापसाहेबांनी 'तक्रार मिटली' अशी सही करायची.

कागद समोर होता. मापसाहेबांच्या मनात आलं, दोन वेगवेगळ्या वजनांच्या किलोंवर एकच शिक्का मारायला सांगतायत. एकवीस वर्षांत हे पाप केलं नाही. मग त्यांनी छोटीकडे बघितलं. वर्षभर खिडकीपाशी बसलेली पोर. सोमवारी आपणच तिची वही मिटवली. यादी लागायला तासभर राहिला होता. त्यांनी पेन काढलं. सही नाही केली तर तत्त्व राहील आणि पोरीची संधी जाईल. त्यांना तत्त्वाचा चक्क कंटाळा आला.

"मॅडम, एक विचारू?" छोटी म्हणाली. "स्पर्धेत हाच प्रश्न आला तर आम्ही तिघांनी काय लिहायचं? मी अकरा आणि त्यांनी सात?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ते तेव्हा बघू."

"तेव्हा नाही बघता येणार. तिथे बाबा बटाटे घेऊन येऊ शकणार नाहीत." "मला दोन गुण हवेत. मला जायचं पण आहे, खूप. पण दोन्ही बरोबर म्हणून नकोत. बाबा, सही नका करू."

मापसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. एवढं समाधान त्यांना कुठलंच पेन बंद करताना झालं नव्हतं.

"मग मी यादी आहे तशी लावते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"थांबा," बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. त्या उठल्या. "पेपर मी तपासलेत, यादी मीच देणार. गठ्ठा आणा."

"अहो बाई, पन्नास पालक दारात येतील."

"येऊ देत. पंधरातून सहा गेले आणि दोन आले, हे मला बटाट्यांनी सांगावं लागलं. आणखी कुणी सांगायची वाट बघू?" त्यांनी गठ्ठा सोडला, लाल पेन उघडलं आणि मापसाहेबांकडे न बघता म्हणाल्या, "उभे काय राहिलात? बसा. प्रश्न चौथा काढून देत चला."

दोघं कामाला लागले. मापसाहेब पान उघडून देत, बाई सातवर फुली मारून अकरा लिहीत, दोन गुण कापून सही करत. दहाव्या पेपरला बाईंचा हात थांबला. तिथे सातच्या वर काहीतरी खोडलं होतं. त्यांनी कागद खिडकीकडे धरला. खोडलेल्याखाली दिसत होतं: ११क्ष. पोराने आधी अकरा लिहिलं होतं, मग कंचेभागुबेव आठवून खोडलं होतं. पुढे आणखी एक निघालं. मग आणखी. गठ्ठा संपेपर्यंत असे नऊ निघाले. त्यातला एक पेपर पोस्टमास्तरांच्या नातीचा होता, आणि तिने तर दोनदा अकरा लिहून दोनदा खोडलं होतं.

"यांना येत होतं," बाई म्हणाल्या. "मी शिकवायच्या आधी येत होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आपण सोमवारी नेमकं हेच करत होतो, हे मापसाहेबांना कळत होतं. फरक एवढाच की आपल्या घरच्या पोरीने खोडलं नव्हतं.

चार वाजता यादी लागली. छोटी पहिली. सव्वाचारला फाटकाशी पालक जमले, पुढे पोस्टमास्तर, हातात नातीच्या दप्तरातली वही. मुख्याध्यापिकांना अचानक महत्त्वाचा फोन आला आणि त्या आत गेल्या. बाई एकट्या पायऱ्या उतरायला लागल्या. मापसाहेब त्यांच्या बरोबर उतरले, छोटीचा हात धरून.

"हे काय चाललंय?" पोस्टमास्तर कडाडले. "मापसाहेब, तीन दिवस या बाईंशी भांडलात, आणि आज त्यांच्याच शेजारी उभे? तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूने?"

"बाईंच्या."

"पण त्या चुकल्या होत्या म्हणून तर..."

"चुकल्या होत्या. मी पण चुकलो होतो, आणि तसं लेखी दिलंय. त्यांनी एकावन्न पेपरांवर सही करून दिलंय." मापसाहेबांनी नातीचा पेपर पोस्टमास्तरांच्या हातात दिला, प्रश्न चौथा उघडून. "हे उजेडात धरून बघा. पोरीने दोनदा अकरा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ती रोज संध्याकाळी दहा वेळा काय म्हणत होती, आणि ते कोण म्हणून घेत होतं, ते आठवा. दोन गुण कुणी कापले ते मग आम्हाला येऊन सांगा."

पोस्टमास्तरांनी कागद उजेडात धरला. नात आजोबांच्या शेजारी उभी होती, मान खाली घालून.

मग पोस्टमास्तरांनी हातातली वही बगलेत मारली, खिशातून पेन काढलं आणि बाईंना विचारलं, "लेखी कुठे द्यायचं?"

"माझ्याकडे नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या नातीला द्या."